साथ आणि परवानगी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी मुंबई मॅरेथॉन पूर्ण केली. अंतर ४२.१९५ किलोमीटर, वेळ सहा तास अठ्ठावीस मिनिटं, वय सत्तेचाळीस. वेळ पाहिली तर सांगण्यासारखं काही नाही. मी पोचले तेव्हा माझ्या आधी पोचलेले लोक मेडल गळ्यात घालून, पोहे खाऊन घरीही गेले होते. तरी माझ्यासाठी ही पहिलीच मॅरेथॉन होती.

रात्री खालापूरला परतले तेव्हा फोन मुबारकबादच्या निरोपांनी भरला होता. आनंद झाला. पण त्यातल्या बऱ्याच निरोपांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहिलेली होती: "नशीबवान आहेस, नवऱ्याने परवानगी दिली." नातेवाइकांनी असं लिहिलं तर मी मनावर घेतलं नसतं. पण आपल्या चळवळीत तीस वर्षं काम केलेल्या एका ज्येष्ठ साथींनीही तेच लिहिलं होतं, आणि तेही मनापासून कौतुक म्हणून.

संपादकीयात स्वतःची गोष्ट सांगायची नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज तो मोडते आहे, तो या एका शब्दामुळे. मला परवानगी नको होती. मला साथ हवी होती आणि ती मिळाली. या दोन गोष्टींत काय फरक आहे, ते मला त्या चार महिन्यांत कळलं.

मॅरेथॉनची तयारी म्हणजे मुळात वेळेचा हिशेब. आठवड्यातले तीन दिवस तासभर धावणं आणि रविवारी लांबचा पल्ला: आधी बारा किलोमीटर, मग सोळा, वीस, चोवीस, शेवटी तीस. माझ्या गतीने तीस किलोमीटर म्हणजे साडेचार तास. शिवाय आधी तासभर तयारी, आणि नंतर अर्धा दिवस अंग काही करू देत नाही. म्हणजे रविवार संपला. आपल्या घरांत बाईचा रविवार कुठे जातो, हे वाचकांना सांगायला नको. मटण निवडायचं, वाटण वाटायचं, आठवड्याचे कपडे, पाहुणे, सासरच्या कोणाला तरी भेटायला जाणं. तो दिवस मी घरातून उचलून नेला, तेव्हा त्या जागी कोणीतरी उभं राहणं भाग होतं.

पहिल्या महिन्यात कोणी उभं राहिलं नाही. घरात कोणाची हरकत नव्हती. "जा की, कोण अडवतंय?" असं सगळे म्हणत. मी पहाटे साडेचारला निघायचे, नऊला परत यायचे आणि कालची भांडी तशीच पाहायचे. परवानगी पुरेपूर होती, साथ नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी सोळा किलोमीटर धावून आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. रागाने म्हणाले, "मला जा म्हणणं सोपं आहे. मी गेल्यावर इथलं कोण करणार, ते सांगा." घरात दोन दिवस अबोला होता.

तिसऱ्या दिवशी अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तोंड उघडलं. धावण्याला पहिल्यापासून विरोध असलेल्या त्या एकट्याच. "या वयात रस्त्यावर धावतात का?" हे त्यांचं पालुपद. पण त्या दिवशी मुलाला म्हणाल्या, "तू क्रिकेट खेळायला जायचास, तेव्हा तुझा डबा मी करत होते. हिचा कोण करेल?" त्या रविवारपासून आमच्याकडे नाष्टा त्यांच्या मुलाने करायला सुरुवात केली. त्यांची तांदळाची भाकरी पहिले तीन आठवडे तव्यावरच फुटत होती. आम्ही तिचे तुकडे कालवणात बुडवून खाल्ले. मुलीने कपड्यांचं काम घेतलं. शनिवारी रात्री खजूर भिजत घालायचं काम अम्मींनी कोणाला करू दिलं नाही.

आता रस्त्याबद्दल. सावरोली–खारपाडा रस्त्यावर पहाटे पाचला अंधार असतो. कारखान्यांचे ट्रक, पहिल्या पाळीच्या बसगाड्या, कुत्री, पातळगंगेच्या बाजूने येणारं धुकं. अशा ठिकाणी बाईने एकटीने धावावं असं मी कोणाला सांगणार नाही, आणि ती घाबरते म्हणून तिला नावंही ठेवणार नाही. माझ्या शेजारच्या ताई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांना धावता येत नाही, गुडघ्याचा त्रास आहे. त्या स्कूटी घेऊन माझ्या मागे पन्नास पावलांवर राहायच्या, दिवा लावून. चार महिन्यांतल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी. दिवाळीच्या दिवसांतही आल्या. फराळाचा डबा डिकीत आणि हातात माझ्या पाण्याची बाटली. त्यांना मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाल्या, "मला तरी पहाट कधी बघायला मिळते?"

डोक्यावरच्या ओढणीबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी सल्ले आले. एकांचं म्हणणं, बुरखा नाही तर निदान नीट झाकून घे. दुसऱ्यांचं म्हणणं, चळवळीतली बाई आणि डोक्याला रुमाल? उन्हासाठी आणि सवयीसाठी मी तो बांधते, यापलीकडे माझं उत्तर नाही. पायात काय घालावं, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारलं नाही. धावणाऱ्याला खरी गरज त्याचीच असते.

इथे थोडा इतिहास आठवतो. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली. ती बायकांना झेपत नाही, असं ठरवून पुढच्या ऑलिम्पिकपासून बंद केली, ती १९६० पर्यंत. मॅरेथॉनबद्दल तर विचारायलाच नको. १९६६ साली बॉबी गिब या तेवीस वर्षांच्या तरुणीने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. स्त्रीचं शरीर इतकं अंतर धावू शकत नाही, असं उत्तर आलं. वडिलांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. आईने मात्र गाडी काढली आणि तिला शर्यतीच्या गावी नेऊन सोडलं. भावाची चड्डी आणि टोपीचा सदरा घालून ती झुडपात लपली आणि शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरली. आजूबाजूच्या पुरुष धावपटूंनी ओळखलं की ही मुलगी आहे. ते म्हणाले, तुला कोणी बाहेर काढू लागलं तर आम्ही काढू देणार नाही. तीन तास एकवीस मिनिटांत ती पोचली. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये दिला आणि ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये.

ती तारीख होती १९ एप्रिल १९६६. आपल्या वाचकांना त्याच्या आदल्या दिवसाची तारीख चांगली ठाऊक आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत, हमीद दलवाईंच्या पुढाकाराने, सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाक बंद करा म्हणत रस्त्यावर आल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्या दोन दिवसांत, पृथ्वीच्या दोन टोकांना, बायका एकच काम करत होत्या: ज्या रस्त्यावर त्यांचं काय काम, असं लोक विचारत होते, त्या रस्त्यावर त्या चालत आणि धावत होत्या.

हमीदभाईंचं नाव आपण घेतो, आणि घ्यायलाच हवं. पण ते चळवळीसाठी गावोगाव फिरत होते, तेव्हा नोकरी करून घर कोण चालवत होतं? मेहरुन्निसाभाभी. 'मी भरून पावले आहे' हे त्यांचं आत्मकथन आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवं. हमीदभाई १९७७ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतरची चार दशकं भाभी या कामाशी जोडलेल्या राहिल्या. तोंडी तीन तलाक रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ रोजी आला. भाभी त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या होत्या. पुरुषाच्या लांबच्या पल्ल्याला बाईने दिलेली साथ आपल्याला दिसतसुद्धा नाही. हमीदभाईंना कोणी कधी म्हटलं असेल का, की नशीबवान आहात, बायकोने परवानगी दिली?

शर्यतीच्या दिवशीचं थोडक्यात सांगते. शनिवारी दुपारी खोपोली लोकलने निघाले. मुक्काम नागपाड्याला, खालाकडे. पहाटे सीएसएमटीहून सुटलो. फजरची वेळ मरीन ड्राइव्हवर झाली. मनातल्या मनात दुआ केली आणि चालत राहिले. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. तिथे उजाडताना समुद्र दोन्ही बाजूंना पाहिला. माहीमला आपल्या मुंबई शाखेच्या चार मुली फलक घेऊन उभ्या होत्या. एकीने संत्र्याची फोड थेट तोंडात घातली. अनोळखी माणसं मीठ, केळी, बर्फ, चिक्की घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून "शाब्बास आपा, चलो" म्हणत होते.

तिशीच्या पुढे शरीरात साठवलेली साखर संपत येते आणि पाय आपले राहत नाहीत. नेमक्या त्या टप्प्यात, परतीच्या वाटेवर, पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी थांबले. कडेला बसावं आणि संपवावं, असं वाटलं. मदत कशाची झाली? हिमतीची नव्हे. ज्या रविवारी भाकरी तव्यावर फुटली, ज्या पहाटे ताई थंडीत स्कूटी चालवत होत्या, ते सगळे तास मी खर्च केले होते, आणि ते एकटीचे नव्हते. चढ चालत चढले. शेवटी घरचे उभे होते. मियांच्या हातात माझ्या चपला होत्या. सुजलेल्या पायांना बूट नको होतील, हे त्यांना न सांगता कळलं होतं. त्यांनाही दिवसभर फोन आले होते की तुमचं मन मोठं. ते म्हणाले, "मी भाकऱ्या केल्या, त्याचं कोणी विचारत नाही. परवानगीचं सगळे विचारतात."

मेडलचं अप्रूप फार करू नये, हेही खरं. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतल्या ठाकर आणि कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन रोज जे चढतात-उतरतात, त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. ताकदीत त्या माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत. मला मिळालेली आणि त्यांना न मिळालेली गोष्ट एकच: स्वतःसाठी वापरायचा वेळ. आपल्या मोहल्ल्यांत तर दोन्ही नाही, ना चालणं ना वेळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. साखर, रक्तदाब, गुडघे यांची यादी प्रत्येक घरात आहे. डॉक्टर रोज चालायला सांगतात. बाई मान हलवते आणि घरी येऊन कुकर लावते. तिला कोणी अडवलेलं नसतं. तिचं काम कोणी उचललेलं नसतं, एवढंच.

म्हणून आपल्या शाखांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. मॅरेथॉन नको. आठवड्यातून एक सकाळ प्रत्येक गावातल्या, मोहल्ल्यातल्या बायकांनी एकत्र चालायला बाहेर पडावं, तासभर. बुरखा घालून, न घालून, साडीवर, सलवारीवर, जशी ज्याची मर्जी. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायकांना हाक मारावी. आणि त्या तासात घरातला चहा, नाष्टा, मुलांची अंघोळ पुरुष कार्यकर्त्यांनी करावी. स्त्री-पुरुष समतेवर आपण परिषदा घेतल्या, ठराव केले, निवेदनं दिली. हा एक तास त्या सगळ्याची परीक्षा आहे, आणि ती घरातच द्यायची आहे.

खालापुरात आम्ही पुढच्या रविवारपासून सुरुवात करतो आहोत. ताई स्कूटी घेऊन येणार आहेत. अम्मींनी विचारलंय, हळू चालणाऱ्यांना घेता का?