आधी लिपी, मग स्मार्टबोर्ड

बी.एड.च्या पाठ-निरीक्षणाच्या तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असा एक रकाना असतो. छात्राध्यापिकेने प्रोजेक्टर लावला, दहा स्लाइड सरकवल्या, मध्ये एखादा व्हिडिओ दाखवला की त्या रकान्यात चांगले गुण पडतात. स्लाइडवरचा मजकूर समोरच्या मुलांना त्यांच्या लिपीत वाचता येतो का, असा रकाना मात्र मी आजवर पाहिलेल्या एकाही तक्त्यात नव्हता. माझे भांडण त्या न छापलेल्या रकान्यासाठी आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दरवर्षी बी.एड.ची मुले-मुली इंटर्नशिपसाठी आमच्याकडे येतात. हुशार असतात, मेहनती असतात. व्हिडिओ कापणे-जोडणे, ऑनलाइन चाचणी बनवणे त्यांच्या हातचा मळ. पण उर्दूच्या तासाला पडद्यावर जे उमटते ती बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत लिहिलेली उर्दू असते. का, म्हणून विचारले की एकच उत्तर येते, “आपा, उर्दू टाइप करायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही.” उत्तर खरे आहे. म्हणून माझा राग त्या मुलांवर नाही, त्यांना घडवणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

“मुलांना अर्थ कळला ना, मग लिपीचे एवढे काय?” असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक साधे उदाहरण देते. ‘ज़मीन’, ‘ज़िक्र’, ‘ज़रूर’ आणि ‘ज़ालिम’ हे चार शब्द कानाला एकाच आवाजाने सुरू होतात. उर्दूत मात्र पहिल्यात ज़े, दुसऱ्यात ज़ाल, तिसऱ्यात ज़्वाद आणि चौथ्यात ज़ोय आहे. रोमन लिपीत चौघांचा एकच झेड होतो. सीन, से आणि स्वाद या तिघांचा एकच एस. सहावीतल्या मुलाने शब्द डोळ्यांनी ओळखायचे, पाठ करायचे ते हेच वय. त्या वयात पडद्यावर त्याला शब्दाचा खरा चेहरा दिसलाच नाही, तर वहीत तो काय लिहिणार? मग आपणच त्याच्या वहीवर लाल शाईने गोल काढायचे आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचे, “आजकालच्या मुलांचं इमला फार कच्चं आहे.”

“उर्दू आणि मशीन यांचे जमतच नाही” हे दुसरे पालुपद. इतिहास नेमके उलटे सांगतो. उर्दूत शिशाच्या टाइपाने छपाई कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळातच झाली होती. पण नस्तालीकची उतरती वळणे त्या टाइपात बसेनात. तेव्हा उर्दूने आपली वळणे सोडली नाहीत. तिने शिळाछाप स्वीकारला. कातिबाने लिहायचे आणि दगडावरून तसेच्या तसे छापायचे. १८५८ साली लखनौत सुरू झालेल्या नवल किशोर प्रेसने याच पद्धतीवर पुस्तकांचा डोंगर उभा केला. पुढे मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरांचे हजारो आकार स्वतः लिहिले, त्यांतून नूरी नस्तालीक तयार झाला आणि १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ संगणकावर निघू लागला. १९९४ मध्ये आपल्याकडे दिल्लीत इनपेज बनले. आज तर नस्तालीकचे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. म्हणजे दोनशे वर्षे यंत्राला लिपीपुढे वाकवण्याचे काम झाले, आणि सगळे हाताशी आल्यावर आपण लिपीच गुंडाळून ठेवतो आहोत.

एन.सी.टी.ई.च्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. ‘आय.सी.टी.ची चिकित्सक समज’ या नावाचा स्वतंत्र भाग त्यात आला. नाव उत्तम आहे. चिकित्सक म्हणजे प्रश्न विचारणारी. पण प्रत्यक्षात काय घडते? हार्ड डिस्क कशाला म्हणतात, इनपुट उपकरणे कोणती, ई-मेलचे फायदे लिहा. एक फाइल, तीही बऱ्याचदा सीनियरच्या फाइलवरून उतरवलेली. उर्दू अध्यापन पद्धती घेतलेल्या मुलीला उर्दूचा कीबोर्ड कसा सुरू करायचा, परिच्छेद उजवीकडून डावीकडे कसा वळवायचा, हे कुणी दाखवत नाही. मग ती उर्दू वाक्यात एक मराठी शब्द घालते आणि वाक्याचे तुकडे जागा बदलतात, पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो. दोन वेळा असे झाले की ती रोमनकडे वळते. याला मी आळस म्हणणार नाही. दहा मिनिटांत दाखवता येईल अशी गोष्ट दोन वर्षांत कुणी दाखवली नाही, त्याचा हा परिणाम आहे.

हा प्रश्न फक्त उर्दूचा नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि मराठी शिकवणारी म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण उर्दू शाळेतले मूल मराठीकडे उर्दूच्या आधाराने येते. त्याला एकाच पानावर ‘दरख़्त’ नस्तालीकमध्ये आणि ‘झाड’ देवनागरीत दिसले पाहिजे. असे पान बनवायला दोन्ही लिपी टाइप करणारा शिक्षक लागतो. शब्द मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतात, आणि मुलाच्या दोन्ही भाषा तिसऱ्याच लिपीत अडकतात. मग “उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी येत नाही” हा शेरा मारायला सगळे मोकळे.

“आता बोलून टाइप होते, शिकायची गरज काय?” असाही एक युक्तिवाद आहे. बोलून टाइप जरूर करा, मीही करते. पण मशीनने ज़ालच्या जागी ज़े टाकला तर तो पकडणार कोण? ज्याला अक्षर येते तोच. दुसऱ्या टोकाला आमची काही ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांच्या मते खडू-फळा पुरेसा, बाकी सगळे थेर. त्यांच्या फळ्यावरच्या ख़ुशख़तीला माझा सलाम. पण अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला तो फळा दिसत नाही, आणि पुस्तकाचे पान पडद्यावर मोठे केले तर दिसते. एवढ्यासाठी तरी यंत्र हवेच.

म्हणून उद्याच्या शिक्षकांना घडवणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, भाषा-पद्धतीच्या प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या माध्यमाच्या लिपीत एक पूर्ण पाठ स्वतः टाइप केल्याशिवाय त्याला आय.सी.टी.चे गुण देऊ नयेत. दुसरी, उर्दू शाळेत जाणाऱ्याने उर्दू-मराठी असा एक दुलिपी शब्दतक्ता बनवून वर्गात वापरून दाखवावा. तिसरी, एक पाठ वीज नसताना घ्यायला लावावा. कारण आमच्या शाळांत ती जाते, आणि स्लाइडबरोबर ज्याचा पाठही बंद पडतो त्याला पाठ आलेलाच नसतो.

यातल्या एकाही मागणीला निधी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकावे लागते, इतकेच. कदाचित खरी अडचण तिथेच आहे.

आणि बी.एड. करणाऱ्या माझ्या मुलांनो-मुलींनो, अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल, तुम्ही त्याची वाट पाहू नका. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जा, भाषांच्या यादीत उर्दू आणि मराठी दोन्ही जोडा. रोज पाच ओळी लिहा, निदान घरच्या ग्रुपवर तरी. पहिला आठवडा बोटे अडखळतील, महिनाभरात सरावतील. उद्या वर्गात पडद्यावर पहिली ओळ उमटेल तेव्हा ती मुलांच्या पुस्तकात आहे त्याच लिपीत असू द्या. तेवढे जमले की मग स्मार्टबोर्डाबद्दल बोलू.