लघवीत रक्त दिसले तर लपवू नका

लघवी लाल होते पण दुखत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. मूत्राशयाचा कॅन्सर अनेकदा असाच सुरू होतो. बिडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना असलेला धोका १८९५ सालीच जर्मनीत डॉ. लुडविग रेन यांनी दाखवून दिला होता.

रोग वरच्या थरात असेल तर दुर्बिणीने गाठ काढून मूत्राशयात बीसीजी सोडतात. बाळाला टीबीसाठी टोचतात तेच. ते लागू पडले नाही तर मूत्राशयच काढण्याची वेळ येते. त्यावर २०२२ मध्ये अमेरिकेत जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. वाढू न शकणारा विषाणू इंटरफेरॉनचे जनुक मूत्राशयाच्या पेशींत नेतो. हे औषध तीन महिन्यांतून एकदा सोडतात. चाचणीत ५१ टक्के रुग्णांत रोग दिसेनासा झाला. मात्र त्यातल्या निम्म्याहून कमी जणांत हा गुण वर्षभर टिकला.

रोग स्नायूत शिरला तर काही रुग्णांत गाठ काढून, केमो आणि नेमक्या जागी किरणे देऊन मूत्राशय वाचवता येते. किरणे कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तोडतात, जनुक-उपचार प्रतिकारशक्ती जागी करतो. म्हणून दोन्हींची जोड देण्यावर संशोधन चालू आहे.

पण उपचार कितीही नवा असो, उशिरा आलेल्याच्या हाती थोडेच लागते. एकदा जरी लाल दिसले, तरी लाज सोडून दवाखाना गाठा.