गोदामातला न नोंदलेला भाडेकरू

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुरुळीत शेतांशेजारी कारखाने आले, मग गोदामे आणि कामगारांच्या खोल्या. त्यांच्यामागून घरउंदीर आला. त्याच्या मादीला जेमतेम तीन आठवड्यांत पाच ते दहा पिल्ले होतात. नव्या वस्तूपासून तो आधी लांबच राहतो, म्हणून पहिल्या रात्री पिंजरा बहुधा रिकामाच राहतो.

बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीत मी पाही, पोती मोजून बरोबर भरत; वजनात मात्र तूट असे. ही तूट आपण नेहमीचीच मानतो. तिची खरी किंमत बीड जिल्ह्यातल्या मामल्याने मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक घराबाहेर राहू लागले, धान्य आतच राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये गाठीचा प्लेग आला.

अशा वेळी नुसते उंदीर मारणे धोक्याचे असते. मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसाकडे वळतात. आधी पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तर आजही पावसाळ्यात माणसे नेतो. कुरुळीतल्या खोलीवर राहणारा कामगार त्याच पाण्यातून पाळीला जातो. विषाच्या गोळ्यांवर खर्च करण्याआधी गोदामवाल्यांनी सांडलेले धान्य उचलावे, बिळे बुजवावीत आणि ग्रामपंचायतीने कचरा रोज न्यावा. उंदराचे पोट आपणच भरतो आहोत.