वेण्णाकाठची लीद कोणाच्या खाती?

महाबळेश्वरला गेलेला पाहुणा वेण्णा तलावाशी पोचला की दोन गोष्टी हमखास करतो : नावेत बसतो आणि घोड्यावर बसतो. तलावाच्या काठाकाठाने पडलेली घोडवाट, लगाम धरून पायी धावणारा घोडेवाला आणि खोगिरावर अंग आखडून बसलेले शहरी मूल, हे दृश्य कित्येक कुटुंबांच्या छायाचित्रसंग्रहात सापडेल. हीच वाट आता वादाचा विषय झाली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या अभ्यासात पाचगणी-महाबळेश्वर परिसरातील पाणी घोड्यांच्या लिदीमुळे दूषित होत असल्याचे आढळले, असे वृत्त २०२४-२५ च्या हिवाळ्यात प्रसिद्ध झाले. घोड्यांची वाट पाण्यापासून दूर न्यावी, ही मागणी त्यातून साहजिकच पुढे येते आणि ती रास्त आहे. प्रश्न आहे तो तिचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हा.

तलाव मुळात करमणुकीसाठी बांधलेलाच नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये तो बांधविला, तो गावाला पाणी मिळावे म्हणून. (सहाच वर्षांनी महाराज निवर्तले आणि औरस वारस नाही या सबबीखाली डलहौसीने राज्यच खालसा केले. राज्य गेले, तलाव राहिला.) गावाच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त आजही या तलावावर आहे. पुढे वेण्णा लिंगमळ्यावरून मेढ्याकडे उतरते, कण्हेरच्या धरणात अडते, संगम माहुलीला कृष्णेस मिळते. आणि कृष्णा कऱ्हाडवरून सांगलीला जाते. तेव्हा हा केवळ थंड हवेच्या एका गावाचा प्रश्न नव्हे, दोन जिल्ह्यांच्या नदीच्या उगमाकडचा प्रश्न आहे. अर्थात वेण्णाकाठची लीद सांगलीच्या नळाला येते, असे कोणी समजू नये. सांगलीजवळ कृष्णेत शेरीनाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले, त्या कामी कोणा घोड्याची मदत लागलेली नाही.

पूर्ण वाढलेला घोडा दिवसाकाठी १५ ते २० किलो लीद टाकतो. डोंगरी तट्टू काहीशी कमी. हंगामात ती काठावर पडते, वाळते, टापांखाली तिचा भुगा होतो. काही भुगा हवेत उडतो, उरलेला जांभ्याच्या मातीत मुरतो. मग जूनमध्ये पाऊस सुरू होतो. जेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे उतारावरचे सारे तलावात यावयास एक-दोन सरी पुरतात. यात घोड्याचा दोष नाही आणि घोडेवाल्याच्या निष्काळजीपणाचाही फारसा नाही. वाट पाण्याच्या कडेने काढली, तेथेच चूक झाली. पाहुण्याला पाणी दिसले पाहिजे म्हणून ती तशी पडली.

अर्थशास्त्रात पिगू या इंग्रज पंडिताने १९२० मध्ये ज्या सामाजिक खर्चाची मांडणी केली, त्याचे हे सुबक उदाहरण आहे. फेरीचे भाडे ठरते त्यात गवत, कोंडा, हरभरा, नाल आणि घोडेवाल्याची मजुरी धरलेली असते; दूषित पाण्याने आजारी पडणाऱ्या बाईचा बुडालेला रोज त्यात धरलेला नसतो. तो तीच भरते. म्हणून ‘जो प्रदूषण करील त्याने भरावे’ हे सूत्र कोणीही मान्य करील. परंतु येथे प्रदूषण करणारा कोण? लगाम ज्याच्या हाती आहे तो, असे उत्तर नगरपालिकेला सोयीचे असते, कारण तो समोर उभा असतो. वस्तुतः फेरीचे सुख भोगणारा दुसराच असतो, आणि त्या सुखाच्या जोरावर खोलीचे भाडे वाढविणारा तिसरा.

घोडेवाल्याचा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहावा. त्याची कमाई सुट्यांच्या दिवसांची. घोड्याचे पोट मात्र बारा महिन्यांचे. पावसाळ्यात चार महिने फेऱ्या जवळजवळ बंद असतात तेव्हाही दावणीला चारा टाकावाच लागतो. अशा माणसाला ‘उद्यापासून काठावर यायचे नाही’ असे फर्मान काढणे म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचा सारा कर एकट्या त्याच्याकडून वसूल करणे होय.

माथेरानचा दाखला येथे उपयोगी पडेल. तेथे माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा बंद करण्याचा प्रश्न होता. ई-रिक्षा द्यावयाच्या त्या सध्याच्या हातरिक्षाचालकांनाच, म्हणजे त्यांचा गेलेला रोजगार भरून निघेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांत हातरिक्षा थांबविण्याचा आदेश दिला. जुने बंद करताना नव्यावर पहिला हक्क जुन्या कष्टकऱ्याचा, हे तत्त्व महाबळेश्वरला लागू करण्यास काय हरकत आहे?

महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. गावात शिरणाऱ्या पाहुण्याकडून नगरपालिका कर घेते. त्या पैशातून काठापासून आत, झाडीच्या कडेने नवी घोडवाट आखावी. तिच्या उताराला चर व पाणी अडविणारा बांध असावा. तबेले आणि पाणवठा तलावाच्या वरच्या अंगाला नसावेत. लीद रोज उचलण्याचे काम पगारी असावे. वाट बदलण्याच्या काळात जी फेरी बुडेल तिची भरपाई द्यावी. आणि नमुने घ्यावयाचे तर केवळ घोड्यांच्या वाटेवरचे नकोत, हॉटेलांच्या शोषखड्ड्यांखालचेही घ्यावेत आणि दोन्ही निष्कर्ष एकाच फळ्यावर लावावेत.

उचललेल्या लिदीचे काय, असे विचारणाऱ्याने अर्धा कोस चालून जावे. सभोवार स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. काठावर जी घाण, तीच मळ्यात खत. मात्र ती कच्ची टाकता कामा नये. जमिनीलगतच्या फळाला कच्च्या लिदीने रोग चिकटावयाचा. खड्ड्यात नीट कुजविलेले खत विकण्याचा हक्क घोडेवाल्यांच्या सहकारी संस्थेस दिला, तर पावसाळ्यातल्या चाऱ्याचा काही भार त्यातून उचलला जाईल. सर्व नव्हे, तेवढा भ्रम नको.

परंतु अशी संस्था आपोआप उभी राहणार नाही. हमालांना संघटना होती म्हणून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि मजुरीबरोबर लेव्ही भरणे मालाच्या धन्यावर बंधनकारक ठरले. घोडेवाला मात्र एकेकटा नगरपालिकेच्या दारात उभा राहतो. साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी पाण्याच्या शुद्धतेचे निवेदन देताना त्याला सोबत घेतले पाहिजे, आणि सांगलीच्या कार्यकर्त्यांनी शेरीनाल्याची फाईल त्याच निवेदनाला जोडली पाहिजे. पाऊस उघडला की दिवाळीचा हंगाम सुरू होतो. नवी वाट आखावयाची तर त्यापूर्वीच, कारण हंगामात कोणालाच वेळ नसतो आणि हंगाम संपला की कोणालाच आठवण नसते.