उसन्या साथीचे वृंदगान

पावसाळा स्थिरावला आणि महाविद्यालयांचे वर्ग भरू लागले, की आपल्या विद्यापीठांना संगीताची आठवण होते. फलकावर युवक महोत्सवाच्या निवड चाचणीची सूचना लागते आणि एरवी स्नेहसंमेलनापुरते झाडले जाणारे सभागृह दोन-तीन आठवडे जागे राहते. कोठून तरी पेटी येते, कोणाच्या तरी ओळखीचा तबलजी येतो, सहा गळे जमवले जातात आणि एक गीत घोटून घोटून बसवले जाते. महोत्सव होतो; चषक मिळतो अथवा मिळत नाही; आणि त्यानंतर त्या सहा जणांनी पुन्हा एकत्र गाण्याचे काही कारण उरत नाही. या प्रकारास आपण विद्यापीठाचा गायनवृंद असे भारदस्त नाव दिले आहे. लग्नाच्या वरातीतला बँडदेखील याहून अधिक काळ एकत्र असतो.

पाणी, रस्ते आणि राजकारण यांच्या गर्दीत हा विषय पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. शिक्षणाची नवी घडी बसवण्याचे काम महाराष्ट्रात सध्या चालू आहे, कला आणि खेळ यांना श्रेयांकांच्या हिशेबात जागा मिळू लागली आहे, आणि या घडीत जे नियम एकदा घातले जातील ते पुढील वीस-पंचवीस वर्षे हलणार नाहीत, हे त्याचे कारण. नियम घालण्याची वेळ हीच आहे. ती टळून गेल्यावर आम्ही लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

आज जे नियम आहेत ते कशाचे आहेत, हे आधी पाहिले पाहिजे. १९५४ साली दिल्लीस पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातील त्या उत्साहात निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांची गाणी ऐकावीत ही मोठी गोष्ट होती. पुढे भारतीय विद्यापीठ संघाने हे कार्य चालवले, आणि आज महाविद्यालयापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत जो महोत्सवांचा जिना उभा आहे त्याचे नियम बहुतांशी या संघाच्या नियमावलीवरूनच घेतलेले असतात. समूहगीतात गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीदार जास्तीत जास्त तीन, वेळ दहा मिनिटे, चित्रपटगीत वर्ज्य, स्पर्धक पूर्ण वेळ विद्यार्थी असावा आणि त्याचे वय पंचविशीच्या आत असावे, असा त्यांचा सांगाडा आहे. स्पर्धेचे नियम म्हणून त्यांत फारसे वावगे नाही. स्पर्धा म्हटली की मोजमाप आले, घड्याळ आले. परंतु हे स्पर्धेचे नियम आहेत, वृंदाचे नव्हेत, आणि आमच्या बहुतेक महाविद्यालयांत वृंदाचे म्हणून दुसरे कसलेही नियम अस्तित्वात नाहीत, ही खरी गोम आहे. वृंदात कोणास घ्यावे, कोणी निवडावे, तालीम आठवड्यातून किती वेळा व्हावी, न येणाऱ्याचे काय करावे, शिकवणारा कोण, वाद्ये कोणाच्या ताब्यात असावीत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कागदावर सापडत नाही. मैदान नाही, सराव नाही, शिक्षक नाही. फक्त सामन्याचे नियम आहेत.

याचा सर्वांत वाईट परिणाम साथीदारांच्या बाबतीत दिसतो. लोकवाद्यवृंदासारख्या प्रकारात मोजके व्यावसायिक साथीदार चालतात. इतरत्रही साथीला बसणारा विद्यार्थीच असला पाहिजे याचा आग्रह क्वचितच धरला जातो. ज्या काळी खेड्यातील महाविद्यालयात एकही तबला वाजवणारा मिळत नसे, त्या काळी ही सवलत दयाबुद्धीने दिली गेली असेल. आज तिचा उपयोग उलट होतो. पैसा बाळगून असलेली महाविद्यालये शहरातील कसलेले वादक दोन दिवसांसाठी आणतात आणि गाणारी पोरे त्यांच्या ठेक्यावर तरून जातात. परीक्षकाच्या कानावर जे पडते त्यातील निम्मे विद्यार्थ्यांचे नसते. आणि त्याच महाविद्यालयात वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, चार-पाच वर्षे तबला शिकलेला मुलगा श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवतो. कारण चषकाच्या वेळी त्याच्या हातावर विसंबण्याची कोणाची तयारी नसते. गायकाला वर्षातून एकदा तरी व्यासपीठ मिळते. साथ करणाऱ्याला आपली विद्यापीठे तेवढेही देत नाहीत. साथ ही संगीतातील अर्धी विद्या आहे. किंबहुना दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपले काम करण्याची विद्या शिकायची तर ती साथीतच. तीच आपण भाड्याने आणतो!

यावर सरसकट बंदीचा उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. उद्या व्यावसायिक साथीदारांस मज्जाव केला तर गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या लहान महाविद्यालयांचे संघ प्रथम घरी बसतील आणि पुण्या-मुंबईचे संघ कोठून तरी एखाद्या वादकाचे नाव हजेरीपटावर चढवून मोकळे होतील. बंदीपेक्षा वादकाची जागा बदलावी. तो महोत्सवाच्या दिवशी मंचावर येतो, त्याऐवजी जुलैपासून आठवड्यातून एकदा महाविद्यालयात यावा आणि त्याने तिथल्या दोन मुलांस तयार करावे. मानधन तेच, माणूस तोच. पहिल्या दोन वर्षांत तीनपैकी एक साथीदार विद्यार्थी असलाच पाहिजे, पुढे दोन, आणि पाचव्या वर्षी तिन्ही, अशी पायरी घातली तर कोणाचीही गैरसोय न होता हा प्रश्न सुटेल.

'आपले संगीत मुळात एकट्याचे. समूहाने गाणे-वाजवणे हे पाश्चात्त्यांचे खूळ', असा आक्षेप विद्वानांकडून ऐकू येतो. ख्यालापुरता तो खरा आहे. परंतु आषाढी वारीसाठी आळंदी-देहूहून निघणाऱ्या दिंड्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या आहेत त्यांनी तरी तो करू नये. विणेकरी, मृदंगी आणि दुतर्फा टाळकरी यांची ती रचना, कोणी कोणाच्या मागे उभे राहावे याचे ठरलेले क्रम, आणि चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा गजर एका क्षणात थांबणे, याहून शिस्तीचा वृंद कोठला? मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग बनवून त्यांच्या हाती दिले. १९५२ साली आकाशवाणीने आपला वाद्यवृंद सुरू केला तो पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली. सलील चौधरी यांनी मुंबईत तरुणांचा गायनवृंद बांधला. आपल्याकडे वृंद झाले. ते विद्यापीठांच्या बाहेर झाले, एवढेच.

आजही तेच चालले आहे. गणेशोत्सवापूर्वी दीड-दोन महिने पुण्यात नदीकाठी आणि मोकळ्या पटांगणांत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे येणारी बहुसंख्य मुले-मुली महाविद्यालयांतलीच असतात. दिवसभर तासाला कंटाळलेला विद्यार्थी तेथे वेळेवर हजर होतो, ढोल स्वतः ताणतो, ताशेवाल्याच्या इशाऱ्याकडे डोळे लावून उभा राहतो. सरावाला न आलेल्यास मिरवणुकीत उभे करायचे नाही, हा नियम तो निमूटपणे मान्य करतो. कारण तो सर्वांना सारखा असतो आणि पहिल्या दिवशी सांगितलेला असतो. पथकांच्या आवाजाविषयी आमची तक्रार आहे आणि ती आम्ही या पत्रातून वेळोवेळी मांडू. परंतु तरुणांना शिस्त नको असते हा आमच्या प्राध्यापकवर्गाचा लाडका सिद्धांत त्या पटांगणांत खोटा ठरतो. आम्ही स्वतः काही वर्षे खडू हाती धरला आहे. स्पष्ट आणि सर्वांस सारखा असलेला नियम मुलांनी मोडल्याचे आम्हांस फारसे स्मरत नाही. ती मोडतात ते अर्धवट नियम, ज्याला ओळखीच्यांसाठी पळवाट ठेवलेली असते.

परदेशाकडे पाहायचे तर नक्कल करण्यासाठी पाहू नये, पण पाहावे. केंब्रिज विद्यापीठाची संगीतसंस्था १८४३ची आहे. तेथील किंग्ज कॉलेजच्या प्रसिद्ध गायनवृंदात सोळा मुलगे आणि चौदा शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी गातात. ते विद्यार्थी संगीताचेच असतात असे नाही, पण सत्र चालू असताना जवळजवळ रोज सायंकाळच्या प्रार्थनेस उभे राहणे हा त्यांच्या शिष्यवृत्तीचा भाग असतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत सत्राच्या आरंभी चाचणी होते, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तीस बसू शकतो, आणि वृंदातील कामाला श्रेयांक असतो. त्यांच्याकडेही जुन्या रूढी चिवट होत्या. येल विद्यापीठातला १९०९पासूनचा प्रसिद्ध पुरुष गायकवृंद २०१८पर्यंत मुलीला प्रवेश देत नव्हता. तो दिला तो आवाजाची पट्टी बसते की नाही, एवढेच पाहून.

पट्टीचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि नियम करणाऱ्यांच्या तो गावीही नसतो. मुलगे साधारणपणे काळी एक-दोनमध्ये गातात, मुली काळी चार-पाचमध्ये. मिश्र संघाने एकाच सुरात गायचे ठरवले, की एक बाजू ताणते किंवा दुसरी पुटपुटते. यावर उपाय म्हणजे दोन-तीन थरांत आवाज विभागून स्वररचना करणे. त्यासाठी जाणता रचनाकार लागतो आणि तीन आठवडे नव्हे, तीन महिने लागतात. तेवढा वेळ नसल्यामुळे आमचे संघ मधल्या कोणत्या तरी पट्टीत तडजोड करतात आणि उरलेली कसर कोरसच्या जोरावर भरून काढतात. चित्रपटगीतांच्या मनाईस मात्र आमचा पाठिंबा आहे. तिच्यामुळे थोड्या तरी नव्या चाली दरवर्षी बांधल्या जातात.

आता वेळेचा आणि श्रेयांकांचा प्रश्न. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. तालमीमुळे बुडालेले तास त्यातून वगळायचे की नाही, हे प्राचार्यांच्या मर्जीवर असते. चषक आणणाऱ्या संघावर मर्जी असते, न आणणाऱ्यावर नसते. कोठे कोठे सवलतीचे गुण आहेत, पण तेही महोत्सवात उतरलेल्यांस. वर्षभर सुरात राहून निवडीत मागे पडलेल्यास काही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ला अनुसरून महाराष्ट्रात सहअभ्यासक्रमी विषयांच्या यादीत सादरीकरणाच्या कला आल्या आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास सत्रात तीस तास, असे सर्वसाधारण कोष्टक आहे. म्हणजे आठवड्याला दोन तासांच्या तालमीत पंधरा आठवड्यांनी एक श्रेयांक विद्यार्थ्याच्या पदरी पडू शकतो. तो तालमीला द्यावा, पारितोषिकाला देऊ नये. पारितोषिकाला दिला तर श्रेयांक हे चषकाचेच दुसरे नाव होईल, आणि लेखी परीक्षेसाठी 'वृंदगानाचे महत्त्व' या विषयावर टिपा छापून विकल्या जातील. तशी लेखी परीक्षा घेण्याचा मोह अभ्यास मंडळांना होणार, हे आम्ही आजच सांगून ठेवतो.

वयाच्या आणि पूर्ण वेळेच्या अटीविषयी थोडेसे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्या असू द्याव्यात. परंतु महाविद्यालयाच्या स्वतःच्या वृंदात सायंवर्गातला नोकरी करणारा विद्यार्थी किंवा तिशीत पुन्हा शिकू लागलेली गृहिणी का गाऊ शकू नये? स्पर्धेच्या अटी वृंदाच्या दारावर टांगल्या गेल्यामुळे ही माणसे बाहेर राहिली. त्यांचा आवाज पुष्कळदा अधिक पिकलेला असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. वृंदाचे नियम करणे हे त्याचे काम आहे आणि त्यासाठी कोणा मंत्र्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. निवड चाचणी सत्राच्या पहिल्या महिन्यात, सर्व शाखांस खुली आणि किमान एक परीक्षक बाहेरचा. तालमीचा वार आणि वेळ ठरलेली. चारातील तीन तालमींना हजर असेल तोच मंचावर, मग त्याचा गळा कितीही गोड असो. गाणाऱ्यांबरोबर साथीदारांचीही निवड. आणि स्पर्धेशिवाय वर्षातून दोन कार्यक्रम गावात, लोकांसमोर. एवढे एका पानावर लिहून प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापता येईल. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या नावाने प्रवेशाच्या वेळी जे शुल्क घेतले जाते, त्यातील किती रुपये वाद्यांच्या दुरुस्तीस, किती शिकवणाऱ्याच्या मानधनास आणि किती महोत्सवाच्या मंडपास व सत्काराच्या शालींस गेले, हेही त्याच पानाच्या पाठीवर छापावे. यंदाच्या निवडी अजून व्हायच्या आहेत. मंडळांच्या बैठका त्यापूर्वी बोलवाव्यात. आणि तोवर प्राचार्यांनी निदान कपाटात बंद असलेल्या तंबोऱ्यांना तारा चढवून घ्याव्यात व त्या कपाटाची किल्ली शिपायाकडून घेऊन एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावी.