मुद्द्याचं सोडून बोला

हल्ली जो उठतो तो ‘मुद्द्याचं बोला’ म्हणतो. डॉक्टर म्हणतात, वकील म्हणतात, वधूपितेसुद्धा म्हणतात. रिक्षावाला तर नुसतं ‘कुठं?’ म्हणून भुवई उडवतो, आणि आपण ‘अहो, त्याचं असं आहे’ अशी सुरुवात करेपर्यंत रिक्षा पुढच्या चौकात पोचलेली असते. मीही यातून सुटलेलो नाही. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून दिवसातून निदान साठ वेळा ‘काम काय, बोला’ म्हणण्याचाच मला पगार मिळतो. पण पगार घेऊन केलेला गुन्हा वेगळा आणि हौसेनं केलेला वेगळा. मुद्द्यानं जोवर दवाखान्यात, कोर्टात आणि बँकेत धुमाकूळ घातला तोवर मी गप्प बसलो. आता तो आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चढला आहे, तेव्हा लिहिणं भाग आहे.

गच्चीची हकीकत आधी सांगतो. (मुद्दा नंतर येईल. घाई असेल त्यांनी पुढचा लेख वाचायला घ्यावा.) २०१५ सालच्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी मिळू लागली. या अचानक पदरात पडलेल्या सुटीचं काय करावं हे मला कळेना, आणि घरात बसलेल्या माझं काय करावं हे बायकोला कळेना. ‘वर जाऊन मोगऱ्याला पाणी तरी घाला,’ असं म्हणून तिनं माझ्या हातात तांब्या दिला. वर गेलो तर तिथं आणखी चार तांबे उभे होते. तळमजल्यावरच्या काकू, मूळच्या रत्नागिरीच्या. एक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एक गुलाबवाले, जे दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जातात आणि परीक्षकांबद्दल पुढच्या जानेवारीपर्यंत पुरेल एवढी नाराजी घेऊन परत येतात. आणि नाना. वय अठ्ठ्याहत्तर, कुंड्या तीन, तिन्हींत अळू.

तेव्हापासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही वर जमतो. पाणी घालायला दहा मिनिटं लागतात. उरलेले दोन तास आम्ही काय करतो, हे आमच्या घरच्यांना गेली अनेक वर्षं पडलेलं कोडं आहे.

नमुना सांगतो. मागच्या वर्षी माझ्या मिरचीच्या रोपावर बोकड्या पडला, पानं आक्रसून गेली. मी तक्रार केली. प्राध्यापक म्हणाले, ‘बिचारीला परक्या मुलखात एवढं सोसावंच लागणार. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली.’ नेमकी त्या दिवशी एकादशी होती आणि काकूंनी डबाभर साबुदाण्याची खिचडी वर आणली होती. प्राध्यापकांनी चमचा हातात घेतला आणि खिचडीची वंशावळ सांगायला सुरुवात केली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, हिरवी मिरची तर झालीच.

‘म्हणजे माझ्या उपासात आपलं काय आहे हो?’ काकूंनी विचारलं.

‘तूप,’ प्राध्यापक म्हणाले, ‘आणि श्रद्धा.’

काकू म्हणाल्या, ‘मग तूप जरा जास्तच घालते पुढच्या वेळी.’ त्यावरून गुलाबवाल्यांना त्यांच्या आजीचं लोणकढं तूप आठवलं. तुपावरून नानांना बेरी आठवली आणि बेरीत साखर घालून खाण्यावरून भावांत झालेली मारामारी आठवली. सव्वादहाला जिना उतरताना काकू सहज म्हणाल्या, ‘आणि ते मिरचीचं ना, साबणाच्या पाण्यात थोडं कडुनिंबाचं तेल घालून फवारा. पानांच्या खालून हं, वरून नको. कीड खाली लपते.’ मिरची वाचली. आता मला सांगा, ही सभा विषयाला धरून झाली की सोडून?

आमच्या या गच्चीवर यंदाच्या जूनमध्ये साहेब आले. एका सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. त्यांच्या टोमॅटोपुढे आमचे टोमॅटो म्हणजे करवंदं. कुंडीत माती किती, शेणखत किती, कोकोपीट किती हे ते वजन करून घालतात. त्यांच्याकडे वही आहे. बागेसाठी वही ठेवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मी वह्यांतून सुटण्यासाठी बागेत येतो.

दोन शनिवार त्यांनी आमचं ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारी टाइप केलेला कागद आला. विषय पहिला, कीड. विषय दुसरा, खत. विषय तिसरा, पाणी. विषय चौथा, आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने. वेळ एकूण चाळीस मिनिटे. आणि तळाशी ठळक अक्षरांत: ‘खाद्यपदार्थ व जुन्या आठवणी असे अवांतर विषय कृपया टाळावेत.’ अध्यक्ष कोण हे लिहिलं नव्हतं, पण खुर्ची एकच आणली होती.

आम्ही मुकाट्यानं मान्य केलं. मध्यमवर्गीय माणूस टाइप केलेल्या कागदाला फार भितो. खरं सांगायचं तर पहिल्या दोन बैठका छानच झाल्या. मोगरा जानेवारीच्या सुमारास छाटायचा असतो आणि त्याला भरपूर ऊन लागतं, हे मला कळलं. गप्पांच्या नादात चार वर्षं मी त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं होतं आणि वर फुलं येत नाहीत म्हणून नर्सरीवाल्याला दोष देत होतो. साहेबांच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं मी बोललो. आता माझ्या बाजूचं ऐका.

साहेबांचं म्हणणं असं की बागेच्या गप्पा बागेपुरत्या असाव्यात. पण बाग कुठं संपते आणि स्वयंपाकघर कुठं सुरू होतं ते त्यांनी मला खडूनं आखून दाखवावं. कढीपत्ता कुंडीत आहे तोवर वनस्पती, आणि फोडणीत पडला की अवांतर? ओव्याचं ते जाड, लुसलुशीत पान. प्राध्यापक सांगतात, तो आपल्या मसाल्याच्या डब्यातला ओवा नव्हेच, वेगळंच झाड आहे. हे ऐकून ‘भजी कशी होतात?’ असं जो विचारत नाही, त्यानं ते झाड लावलंच कशाला? आणि गुलबक्षी घ्या. तिला आजवर कुणी विकत घेऊन लावलेली माझ्या माहितीत नाही. ती आजोळच्या कुंपणातून पुडीत बांधून आणलेल्या काळ्या बियांतून येते. ती संध्याकाळी उमलू लागली की काकूंची आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. घड्याळ घरात एकच होतं आणि ते वडिलांच्या मनगटावर कचेरीत गेलेलं असायचं. आता गुलबक्षीविषयी बोलायचं आणि त्या चहाविषयी बोलायचं नाही, तर मग बोलायचं काय? पाणी किती मिलिलिटर?

मी बी.कॉम. आहे. बी.कॉम.ला फारसं काही शिकवत नाहीत, पण ‘गुडविल’ नावाची एक चीज शिकवतात. दुकानाची इमारत मोजता येते, माल मोजता येतो, उधारी मोजता येते. पण गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या त्याच दुकानाची पायरी का चढतं, ते मोजता येत नाही. ते गुडविल. आणि गंमत अशी, की आपण आपल्या वागण्यानं जमवलेलं गुडविल ताळेबंदात दाखवायला हिशेबशास्त्राची परवानगीच नाही. दुकान दुसऱ्यानं विकत घेतलं, तरच त्याचा आकडा कागदावर येतो. आमचे दोन तास हे तसलं खातं होतं. साहेबांनी येऊन आमचा ताळेबंद तपासला, त्यात हे कलम कुठं दिसेना, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी विषय तिसरा, पाणी, चालू होता. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा की जाळी, यावर साहेब बोलत होते. नाना मध्येच म्हणाले, ‘पाण्यावरून सांगतो. बारा जुलै एकसष्ट. आमचा वाडा नारायण पेठेत...’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘नाना, पानशेत हा आजच्या पत्रिकेवरचा विषय नाही.’

सगळे हसले. मीही हसलो. नानाही हसले. आणि पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्याही पुढच्या शनिवारी नाहीत. ‘गुडघे दुखत असतील,’ असं आम्ही ठरवलं. सोयीचं निदान होतं. नानांच्या अळूला कुणी तरी पाणी घालत होतं, बहुधा काकू. विषय पत्रिकेवर नसल्यामुळे चर्चा झाली नाही.

आमच्या बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची हे कळलं नाही, की ती ‘सस्पेन्स’ला टाकतात. नवख्याला वाटतं, ही अडगळीची खोली. पण मुरलेल्या कारकुनाला ठाऊक असतं, की तिथं पडलेल्या प्रत्येक रकमेला कुठं तरी धनी असतो आणि तो एक दिवस काउंटरवर येतो. नाना नोव्हेंबरात आले.

नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. सगळे पेन्शनर आपण जिवंत असल्याचं सांगायला रांगेत उभे असतात आणि आम्ही ते तपासून घेत असतो. नाना खिडकीशी आले, फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘मुद्द्याचंच बोलतो. जिवंत आहे. सही कुठं करू?’

मी सही कुठं ते दाखवलं. मग न राहवून विचारलं, ‘नाना, गच्चीवर येत नाही तुम्ही?’

‘आता डिसेंबरात जातोच आहे मुलाकडे, बेंगळुरूला. कायमचाच म्हण. तेच सांगणार होतो त्या दिवशी.’

‘त्या दिवशी तुम्ही पानशेतचं सांगत होता.’

‘अरे, तेच ते. पुराचा गाळ उपसला ना, तर आठ-पंधरा दिवसांत न्हाणीच्या सांडपाण्यावर अळूनं डोकं वर काढलं. घरात धड भांडं उरलं नव्हतं. आईनं त्याच्या वड्या केल्या, शेजारच्यांची कढई आणून. त्याचाच कंद मी जाईन तिथं नेतोय. तीन घरं झाली. बेंगळुरूला चौदाव्या मजल्यावर कुठं नेऊ? म्हटलं, तुमच्यापैकी कुणी घेता का विचारावं.’

‘मग सरळ विचारायचं ना, नाना!’

‘सरळ कसं विचारू?’ नाना म्हणाले. ‘पुरापासून सुरुवात केल्याशिवाय मला अळूपर्यंत येताच येत नाही.’

मागून आवाज आला, ‘ओ, तिकडे गप्पा काय चालल्यात? काम बोला.’ रांगेत तेवीस माणसं होती. त्यांचंही बरोबर होतं. नानांनी पिशवी उचलली आणि वाट मोकळी करून दिली. त्या दिवशी रोकड जुळायला मला पाऊण तास जास्त लागला.

पुढच्या चौथ्या शनिवारी मी नानांना हाताला धरून वर नेलं. विषय पहिला, कीड, पुकारला गेला. मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका कार्यकारी अभियंत्यासमोर म्हणालो, ‘साहेब, आधी पानशेत.’ आवाज जरा चिरकला, पण शब्द हेच होते.

नाना बोलले. लकडी पुलापासून सुरुवात केली, माळ्यावर चढवलेल्या आजीपर्यंत आले, वाहून गेलेल्या सायकलीशी बराच वेळ थांबले (सायकल उसनी होती), आणि पन्नासएक मिनिटांनी अळूपाशी पोचले. साहेबांनी घड्याळ एकदाही पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा पाहिलं. पण नंतर त्यांनीच विचारलं, ‘पाणी पायऱ्यांवर चढत गेलं, की एकदम लोंढा आला?’ आणि वही उघडून काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

तिन्ही कुंड्यांतल्या कंदांची वाटणी झाली. काकूंनी दोन घेतले, प्राध्यापकांनी एक, गुलाबवाल्यांनी ‘गुलाबात अळू शोभत नाही’ असं म्हणत म्हणत दोन घेतले. साहेबांनी चार घेतले आणि वजन करून लावले. मला एक मिळाला. तो मोगऱ्याच्या जुन्या जागी, टाकीच्या सावलीत, मजेत आहे.

गेल्या शनिवारी साहेबांच्या घरून पहिल्या वड्या वर आल्या. दिसायला अप्रतिम, कडा एकसारख्या, जणू फूटपट्टी लावून कापलेल्या. पहिला घास घेतला आणि सगळ्यांच्या घशाला खाज सुटली. प्राध्यापक खोकत खोकत म्हणाले, ‘कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. सुयांसारखे असतात. चिंच कमी पडली.’ काकू म्हणाल्या, चिंच नाहीच चालत, आमसुलाचं आगळ पाहिजे. साहेबांचं म्हणणं, चिंच मोजून घातली होती, देठ काळा होता, दोष पाण्यात असला पाहिजे. शेवटी बेंगळुरूला नानांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘त्याचं असं आहे, आमच्या वाड्यात एक चिंचेचं झाड होतं...’

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनचा आवाज मोठा केला.