झाडू कोणाच्या हातात?
मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात मला ‘विद्यार्थी सहभाग’ शिकवला. दोन दिवसांत जात हा शब्द एकदाही आला नाही. परत आलो आणि माझ्याच शाळेत पाहिलं : वर्ग झाडायला कोणाची पोरं, स्वागतगीताला कोणाची? सहभाग होता; वाटणी जातीची होती. ती मीही चालू दिली होती.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाकडे शेतकरी वर्गातले शिक्षक मागितले. वर्गापुढे कोण उभं आहे, याला महत्त्व असतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीत वंचित पालकांना प्रमाणात जागा देतं. आपण त्यांची सही घेतो, मत घेत नाही.

मुख्याध्यापकांनो, सुविचारांचे फलक पुरे. झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा. समितीत त्या आईला आधी बोलू द्या.